मस्तक आणि पुच्छ

शास्त्रवाचन : अनुवाद २८:१-१४, लेवीय ३:६-११, यशया ९:१३-१७, १ करिंथ १२:१४-२६



ज्या वचनाचा आधार घेऊन मी आयुष्यभर प्रार्थना केल्या, त्याच वचनाने एका लेकराच्या डोळ्यांत पाणी आणलेले मला उतारवयात पाहावे लागले. ही गोष्ट आपणापुढे मांडताना संकोच वाटतो. तथापि मांडणे भाग आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी तेच वचन आपल्या मुलानातवंडांच्या मस्तकावर हात ठेवून उच्चारले असेल.

सेवानिवृत्तीनंतर मी मिरज सोडून बंगळूरला, राजाजीनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये, मुलीकडे राहावयास आलो. जावई पीण्या येथील औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. आसपास मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच आहेत. दर शुक्रवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थनासभा भरते; थोडी मराठीत, थोडी कन्नडमध्ये. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेचे निकाल लागले त्या आठवड्यात ती आमच्या घरी होती. बाहेरगावचे एक पाहुणे बंधू त्या दिवशी आले होते. त्यांनी मोठ्या कळकळीने घरातील मुलांसाठी प्रार्थना केली. सातवीतल्या माझ्या नातवाला जवळ बोलावून, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील मस्तक व पुच्छ यांविषयीचे अभिवचन त्याच्यासाठी मागितले. सर्वांनी आमेन म्हटले. माझे आमेन सर्वांत मोठे होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो हळूच म्हणाला, “आजोबा, वर्गात त्रेचाळीस मुलं आहेत. माझा नंबर एकेचाळिसावा. मग शेपूट म्हणजे मीच ना?”

मी झोपी गेल्याचे सोंग घेतले. होय, वाचकहो, पाळकाने सोंग घेतले. पुढल्या रविवारी तो पोट दुखते असे सांगून संडेस्कूलला गेला नाही, आणि त्याच्याही पुढल्या रविवारी गेला नाही.

त्या पाहुण्या बंधूंना मी दोष देत नाही. त्यांना निकाल ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. शिवाय तीस वर्षे, दहावीच्या परीक्षा आल्या की मंडळीतल्या प्रत्येक मुलामुलीसाठी मी हीच प्रार्थना करीत आलो होतो. ज्या वर्गात त्रेचाळीस मुले आहेत त्या वर्गात कोणीतरी त्रेचाळिसावा असणारच, एवढे साधे गणित मला कधी सुचले नाही. प्रत्येक बाप आपल्या मुलाकरिता मस्तक मागू लागला, तर तो नकळत शेजाऱ्याच्या मुलाकरिता पुच्छ मागत असतो. तशी मुले माझ्याही मंडळीत असतील. ती मागच्या बाकावर बसून आमेन म्हणत असतील. कालांतराने त्यांतली किती येईनाशी झाली, हे मी कधी मोजले नाही.

मल्लेश्वरमच्या पलीकडे सँकी तलाव आहे. कर्नल रिचर्ड सँकी या अभियंत्याने तो १८८२ साली बांधविला, म्हणून हे नाव. राजाजीनगरहून सकाळी बसने लवकर पोहोचता येते. एका शनिवारी नातवाला घेऊन मी तेथे गेलो. त्याला उपदेश करावा असा विचार मनात होता, पण काठावर बसल्यावर तोंडून शब्द निघेना. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांकडे निरखून पाहण्यास सांगितले आहे. दुसरे काही जमत नसेल तर निदान तेवढी आज्ञा पाळावी, असे मनात आले आणि आम्ही पाहत बसलो.

तलावावर हळदी-कुंकू बदके होती. किती गोड नाव आहे हे! चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना असे नाव दिले. ही बदके बुडी मारून खाणारी नव्हेत. पाण्याखालचे शेवाळ, बी-बियाणे खावयाचे तर ती पुढच्या अंगाने पाण्यात उपडी होतात. डोके व मान चिखलात, आणि आखूड शेपूट तेवढे आकाशाकडे. तीन-चार बदके एकदम अशी उलटी झाली तेव्हा कित्येक दिवसांनी नातू हसला. “आजोबा, सगळ्यांची शेपटंच वर!” तो म्हणाला. आणि मग स्वतःच विचारले, “यांना शेपूट एवढंसंच का?”

मला उत्तर येत नव्हते. त्या आठवड्यात मी पुस्तके मिळवून वाचली. जे कळले ते असे : बहुतेक पक्ष्यांच्या शेपटीत बारा मोठी पिसे असतात, सहा जोड्या, बदकांत ती अधिक असतात. पाठीच्या कण्याचे शेवटचे मणके एकजीव होऊन एक लहानसे हाड बनते, त्याच्याभोवती ती पिसे पंख्याच्या काड्यांप्रमाणे रोवलेली असतात. बदकाचे शरीर जड, पंख त्या मानाने आखूड. म्हणून ते भराभर पंख मारीत सरळ रेषेत वेगाने उडते. अशा उड्डाणाला लांब शेपटीचे ओझे परवडत नाही. मात्र पाण्यावर उतरताना तेच आखूड शेपूट पूर्ण पसरून खाली दाबले जाते, पाय पुढे येतात आणि वेग आवरला जातो. पंख त्याला नेतात. पोहोचल्यावर थांबावयाचे कसे, यात शेपटीचाही हात असतो.

परंतु ज्या गोष्टीने माझे मन हलले ती याहून वेगळी आहे. दुसऱ्या शनिवारी एक बदक आमच्यापासून चार-पाच हातांवर, काठाच्या दगडावर येऊन उभे राहिले. त्याने मान मागे वळविली, चोच शेपटीच्या मुळाशी खुपसली, तेथे काहीतरी दाबल्यासारखे केले, आणि मग ती चोच छातीवरून, पंखांवरून, पोटावरून फिरवू लागले. पुन्हा मान मागे, पुन्हा चोच शेपटीशी. अर्धा तास हेच चालले होते. शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला, एक तैलग्रंथी असते. पाणपक्ष्यांत ती चांगली वाढलेली असते. पाणी अडविण्याचे मुख्य काम पिसांची घट्ट वीणच करते, हे खरे. पण ती वीण मऊ आणि धड राहण्यासाठी हे तेल लागते. तेल न मिळालेली पिसे कोरडी पडतात, तुटतात, आणि मग पाणी आत शिरून थंडी अंगाला भिडते.

आणि डोके? चोच अंगभर फिरते, पण स्वतःच्या डोक्याला ती कशी लागणार? म्हणून ते बदक मान पूर्ण मागे टाकून आपले डोके त्या ग्रंथीजवळ आणि तेल लागलेल्या पाठीवर घासते. म्हणजे मस्तकाला तेल हवे असेल तर मस्तकाने वळून पुच्छाकडे गेले पाहिजे, आणि तेही नम्र होऊन, मान पूर्ण वाकवून.

वाचकहो, एकशे तेहतिसावे स्तोत्र आपणांस परिचित आहे. अहरोनाच्या मस्तकावर ओतलेले तेल दाढीवरून त्याच्या वस्त्रांच्या काठापर्यंत ओघळते, असे तेथील चित्र आहे. बंधूंच्या ऐक्याचे ते चित्र. त्या चित्रावर मी अनेकदा संदेश दिला होता आणि दर वेळी तेल वरून खाली येते हेच सांगितले होते. पाळकाकडून मंडळीकडे, वडीलधाऱ्यांकडून लेकरांकडे. सँकी तलावाच्या दगडावर मी प्रथमच तेल उलट दिशेने जाताना पाहिले. ज्यांना मी खालचे समजत होतो, त्यांच्याकडून माझ्या मस्तकाला कधी तेल मिळाले नाही काय? मिरजेच्या मंडळीत एक बाई उपासनेनंतर सतरंज्या गोळा करीत. लिहिता-वाचता येत नसे. माझी पत्नी आजारी होती त्या चार महिन्यांत कमिटीतले किती जण आले हे मला आठवत नाही, पण त्या रोज संध्याकाळी येऊन, काही न बोलता, तिचे पाय चेपून जात. त्यांचे नाव मी एकाही अहवालात लिहिले नाही.

नातवाने एक वही केली. पहिल्या पानावर बदक, आणि प्रत्येक पानावर एक शेपूट. त्याची चित्रे फार चांगली नसतात, पण शेपूट अचूक असते. घार आमच्या गच्चीवरूनच दिसते. बंगळूरच्या आकाशात घारींना तोटा नाही. तिच्या शेपटीला मध्ये खाच असते, आणि वाऱ्यावर तरंगताना ती शेपूट सतत थोडी इकडे, थोडी तिकडे पिळीत असते, जणू नावाड्याच्या हातातले सुकाणू. तलावातली टिबुकली मात्र त्याला कोड्यात टाकून गेली. तिला शेपूट जवळजवळ नाहीच, मऊ लवीचा एक झुपका तेवढा. मग ती वळते कशी? तिचे पाय अगदी मागच्या टोकाला बसविलेले आहेत, आणि सुकाणूचे काम तेच करतात. जमिनीवर तिला धड चालता येत नाही. “म्हणजे तिचे पायच शेपूट,” असे त्याने वहीत लिहिले. मी दुरुस्त केले नाही.

एकदा कब्बन पार्कात सोनपाठी सुतार दिसला. सुताराच्या शेपटीची पिसे ताठ असतात. झाडाच्या खोडावर उभा चढताना तो ती सालीवर टेकवितो आणि दोन पाय व शेपूट अशा तिवईवर अंग तोलून चोचीचे घाव घालतो. आपल्या कानी पडते ती चोचीची टकटक. पिसे वर्षाकाठी गळतात व नवी येतात, तेव्हा या पक्ष्याने काय करावे? निर्मात्याने येथे जी योजना केली आहे ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. सुताराच्या शेपटीची मधली, सर्वांत बळकट जोडी आधी गळत नाही. बाजूची पिसे गळून नवी उगवेपर्यंत ती जुनी, झिजलेली जोडी तग धरून भार पेलते, आणि इतर सर्व उभी राहिली म्हणजे मग ती गळून पडते. ज्या घरात आजारपण, नोकरी जाणे, कर्ज हे एकामागून एक आले आहे, त्या घरातील माणसांना ही जोडी कोणती ते सांगावयास नको.

मोराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे आपली मोठी फसगत होते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मिरजेला गेलो असता शिवारात एक मोर पिसारा उभारून नाचताना दिसला. नातू समोरून पाहत होता; मी म्हटले, आता मागे जाऊन पाहा. आपण ज्याला मोराची शेपूट म्हणतो ती शेपूट नव्हे. ती डोळ्यांची, दीडशेच्या वर असलेली लांब पिसे ही शेपटीच्या वरच्या बाजूची आच्छादन-पिसे होत. खरी शेपूट त्यांच्या मागे दडलेली असते : वीस पिसांची, आखूड, ताठ, मातकट तपकिरी रंगाची. तिच्यावर एकही डोळा नाही. मोर नाचतो तेव्हा तीच उभी राहून मागून सगळा पिसारा पेलून धरते. पावसाळा सरता सरता पिसारा गळून जातो आणि लोक पिसे वेचून घरी नेतात. त्या तपकिरी पिसांना कोणी वेचत नाही.

या मोराचा पवित्र शास्त्राशी आणि या दक्षिण देशाशी एक जुना संबंध आहे. शलमोनाच्या जहाजांनी दूर देशांहून आणलेल्या वस्तूंत मोर होते, असे पहिल्या राजांच्या दहाव्या अध्यायात आपण वाचतो. तेथील मूळ इब्री शब्द ‘तुक्कीयीम’ असा आहे. तिरुनेलवेलीकडे सेवा केलेले मिशनरी रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या द्राविडी भाषांच्या तुलनात्मक व्याकरणात हा शब्द तमिळ ‘तोगै’ या शब्दाशी जोडला आहे, आणि पुढे अनेक विद्वानांनी ते मत मान्य केले. काहींनी शंकाही घेतली. तोगै म्हणजे मोराचा पिसारा. ते मत बरोबर असेल तर शलमोनाच्या भांडारातील त्या पक्ष्याला इब्री लेखकाने त्याच्या मागच्या भागाच्या नावाने ओळखले, आणि तो शब्द आमच्या राजाजीनगरात रोज बोलल्या जाणाऱ्या एका भाषेतला आहे. हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने शेजारच्या तमिळ मित्राकडून तो शब्द त्याच्या लिपीत वहीत लिहून घेतला.

आता कोणी म्हणेल, पाळकसाहेब, पाखरांच्या शेपट्या दाखवून शास्त्रवचन पुसून टाकता येणार नाही. पुच्छ ही शास्त्रात अवनतीची खूण आहे. हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच मी तो अध्याय पुन्हा, या वेळी संपूर्ण वाचला. त्यात बोलणे आहे ते एका राष्ट्राशी. तेथील ‘तू’ म्हणजे एखादा इस्राएली मुलगा नव्हे, तर सगळा इस्राएल. एका इस्राएली बंधूने मस्तक व्हावे आणि दुसऱ्याने पुच्छ, असे तेथे कोठेही नाही. लगेच आधी विषय आहे तो कर्ज देण्याघेण्याचा, आणि त्याच अध्यायाच्या चव्वेचाळिसाव्या ओवीत, आज्ञाभंग झाल्यास हीच स्थिती उलटेल व परका मस्तक होईल, असा इशारा आहे. शाळेच्या नंबरांशी, पगाराशी, बढतीशी हे वचन आम्ही जोडले. एवढ्या वर्षांत मी चौदाव्या ओवीपुढे क्वचितच गेलो होतो.

याहून बोचरे वचन यशयाच्या नवव्या अध्यायात आहे. परमेश्वर इस्राएलातून मस्तक व पुच्छ कापून टाकील असे सांगून संदेष्टा त्यांचा अर्थही स्वतःच देतो. मस्तक म्हणजे वडील व प्रतिष्ठित पुरुष. आणि पुच्छ? मागे पडलेला, दुबळा, मंद असा कोणी नव्हे. पुच्छ म्हणजे खोटे शिकविणारा संदेष्टा. वाचकहो, ही ओवी मी अनेकदा वाचली असेन, परंतु ती माझ्यासारख्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्यांना उद्देशून आहे हे त्या दिवशी प्रथम ध्यानी आले. नातवाच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते की, बाळा, यशयाच्या त्या वचनाप्रमाणे शेपूट होण्याचा धोका तुला नाही, मला आहे.

आणि लेवीयाच्या तिसऱ्या अध्यायाकडे आपण किती वेळा वळतो? शांत्यर्पणासाठी मेंढरू आणले म्हणजे त्याची चरबीदार शेपूट कण्याजवळून सबंध कापून वेदीवर परमेश्वराला अर्पण करावी असा तेथे नियम आहे. त्या देशातील मेंढरांची शेपूट मोठी, चरबीने भरलेली असे. दुष्काळात जनावर तिच्यावर जगत असे. मेंढराचे मांस माणसांनी खावे, पण शेपूट देवाची. मोशेच्या हातची काठी सर्प झाली तेव्हाही परमेश्वराने त्याला तिचे शेपूट धरावयास सांगितले, आणि धरताच ती पुन्हा काठी झाली. पुढे तीच काठी हाती घेऊन तो इस्राएलाचा नेता झाला.

करिंथच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौलाने शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच अत्यावश्यक असल्याचे सांगितले, आणि मस्तक पायांना ‘तुमची गरज नाही’ असे म्हणू शकत नाही हेही. प्रिय वाचक, आपल्या घरात, आपल्या मंडळीत असे कोण आहे, ज्याच्याकडे मान वळवून जाण्याची वेळ आपल्यावर आली आहे? मी माझ्या नातवाकडे गेलो. अंथरुणावर सोंग घेतल्याचे त्याला सांगितले. तो म्हणाला, “मला माहीत होतं आजोबा. तुम्ही झोपल्यावर घोरता.”

एप्रिलमध्ये वार्षिक निकाल लागला. नंबर एकोणचाळिसावा. कळले तेव्हा त्याच्या आईचा चेहरा थोडा उतरला, तो उतरू नये असे मी म्हणणार नाही; तिच्या काळज्या तिच्याजवळ आहेत. पण संडेस्कूलला तो पुन्हा जाऊ लागला आहे, आणि लहान मुलांना पाखरांची चित्रे काढावयास शिकवितो.

गेल्या शुक्रवारी प्रार्थनासभा शेजारच्या कुटुंबात होती. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. मला प्रार्थना करण्यास सांगितले. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि तीस वर्षांच्या सवयीने ते शब्द ओठांशी आले. मी थांबलो. खोलीत शांतता झाली. समोर बसलेल्या नातवाने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले. मी देवबापाजवळ तिच्यासाठी स्वस्थ झोप मागितली, प्रश्नपत्रिका हाती आल्यावर न घाबरण्याचे धैर्य मागितले, आणि निकाल काहीही लागो, त्या दिवशी या घरातील जेवण नेहमीसारखेच व्हावे असे मागितले. आमेन म्हणताना मुलीच्या वडिलांचा आवाज किंचित नाराज वाटला. बहुधा त्यांना जुनी प्रार्थना हवी होती.

परत येताना नातू तलवार बदकाविषयी विचारीत होता. त्या बदकाच्या नराच्या शेपटीतून मधली दोन पिसे लांब, टोकदार निघालेली असतात. कन्नडमध्ये त्याला ‘सूजीबालद बातु’, म्हणजे सुईच्या शेपटीचे बदक म्हणतात. सैबेरियाकडून हिवाळ्यात ती आपल्या उजनीच्या जलाशयावर उतरतात. वहीतले ते पान त्याने रिकामे ठेवले आहे. पाहिल्याशिवाय काढणार नाही म्हणतो. नाताळच्या सुटीत मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे भिगवणला जावे असे ठरत आहे. जावयांनी रजा मिळते का ते पाहतो म्हटले आहे.